‘लिव्ह-इन’ला इंग्रजीत काय म्हणतात?

प्रश्न सांगलीच्या एका ताईंचा आहे. त्यांची भाची इंग्लंडात, यॉर्कशरमधल्या लीड्सला नोकरी करते आणि वर्षभरापासून तिच्या मित्राबरोबर एका घरात राहते. लग्न झालेलं नाही, इतक्यात करायचा विचारही नाही. शेजारी सत्तरीच्या एक आजी राहतात. त्यांनी परवा कुंपणावरून हसत विचारलं, “सो यू टू आर लिव्हिंग ओव्हर द ब्रश, देन?” भाचीला काही कळलं नाही; तो मुलगा मात्र कानापर्यंत लाल झाला. ताईंनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. हा ब्रश कुठला, आणि त्यात अपमान आहे का? मालिकांमध्ये ऐकू येणारे ‘शॅक्ड अप’, ‘लिव्हिंग इन सिन’ हे शब्द आपण वापरावेत का? आणि डिसेंबरात त्यांच्या मुलाचं लग्न आहे, इंग्रजी पत्रिका लीड्सला जायची आहे, तर पाकिटावर त्या दोघांना काय म्हणायचं?

ताई, आधी थोडक्यात सांगते. आजींनी अपमान केलेला नाही, चेष्टा केली आहे, आणि तीही आपलेपणानं. मालिकांमधले शब्द समजून घ्या, पण तोंडात घेऊ नका. पत्रिकेचं शेवटी सांगते, ते सगळ्यात सोपं आहे.

मी सव्वीस वर्षं पुण्यात भाषांतराची कामं करते आणि परदेशी निघालेल्या मंडळींना इंग्रजी बोलायला शिकवते. पूर्वी लग्नाचे दाखले, जन्माचे दाखले, गुणपत्रिका एवढंच यायचं. गेल्या दहाएक वर्षांत दर महिन्याला एखादं तरी जोडपं येतं, ज्यांच्याकडे लग्नाचा दाखला नसतो. भाडेकरार असतो, दोघांच्या नावाचं वीजबिल असतं, आणि व्हिसाच्या अर्जाला जोडायचं एक पत्र असतं. “मॅडम, आमच्या नात्याला इंग्रजीत काय म्हणायचं?” हा प्रश्न मला त्यामुळे पाठ आहे. माझं उत्तरही आता पाठ झालंय: नाम शोधू नका, क्रियापद वापरा. असं का, ते शब्दांच्या गोष्टी ऐकल्यावर आपोआप ध्यानात येईल.

तर ब्रश. हा दात घासायचा ब्रश नव्हे, झाडू. उत्तर इंग्लंडात, यॉर्कशर-लँकेशरकडे, झाडूला ब्रश म्हणायची पद्धत आहे. ‘लिव्हिंग ओव्हर द ब्रश’ म्हणजे झाडू ओलांडून राहणं. पाद्री नाही, चर्च नाही, नोंद नाही. दोघांनी जमिनीवर आडव्या टाकलेल्या झाडूवरून उडी मारली की झाले नवरा-बायको, अशी कल्पना त्यामागे आहे. खरोखर किती जणांनी अशा उड्या मारल्या याबद्दल इतिहासकारांचं एकमत नाही. काहींचं म्हणणं असं की, अठराव्या शतकात ‘ब्रूमस्टिक’ हा शब्द लग्नाला नुसता ‘खोटंखोटं’ या अर्थानं जोडला जायचा, उडीची गोष्ट लोकांनी नंतर खरी मानली. शब्द मात्र जुना आहे. डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मध्ये वकिलाचा कारकून एका बाईची हकिगत सांगताना तिचं लग्न ‘ओव्हर द ब्रूमस्टिक’ झालं होतं असं म्हणतो आणि वर ‘ॲज वी से’, आपण म्हणतो ना तसं, अशी पुस्तीही जोडतो. पुस्तक १८६१चं. म्हणजे तेव्हाही हा शब्द बोलीतलाच होता.

अटलांटिकपलीकडे याच झाडूची गोष्ट फार वेगळी आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांमध्ये गुलाम केलेल्या आफ्रिकी लोकांना कायदेशीर लग्नाचा हक्कच नव्हता. त्यांच्यात झाडूवरून उडी मारून आपण जोडपं झाल्याचं जाहीर करायची रीत होती. आज अनेक कृष्णवर्णीय जोडपी रीतसर लग्नातही फिती लावून सजवलेला झाडू ठेवतात आणि आजी-पणजींची आठवण म्हणून त्यावरून उडी मारतात. तिथे ‘जंपिंग द ब्रूम’ म्हणजे चक्क लग्न करणं. एकाच झाडूचे दोन अर्थ: लीड्समध्ये ‘लग्नाशिवाय’, अमेरिकेत ‘लग्न’. आपल्याकडे केरसुणी म्हणजे लक्ष्मी, चुकून पाय लागला तर आपण नमस्कार करतो, त्यामुळे ती ओलांडून संसार थाटायची कल्पना मला पहिल्यांदा वाचली तेव्हा जरा खटकलीच होती.

आता आजींचं वय बघा. सत्तरीतली बाई ‘ओव्हर द ब्रश’ म्हणते तेव्हा ती आपल्या आईच्या, आजीच्या तोंडचा शब्द उचलते. त्या काळी तो कुजबुजत म्हणायचा शब्द होता. आता तोच कुंपणावरून, मोठ्यानं, हसत आला. शब्दातलं विष उडून गेलं की मागे अशी चव उरते. आपल्याकडची एखादी आजी नातीला “काय गं भवाने” म्हणते, तशातलं ते. परक्यानं म्हटलं तर भांडण होईल, आजीनं म्हटलं तर पाठोपाठ लाडू येतो.

‘लिव्हिंग इन सिन’चंही असंच झालं आहे. शब्दशः, पापात राहणं. ख्रिस्ती धर्मात लग्नाबाहेरचा संबंध हे पाप, म्हणून हा शब्द. दोन-तीन पिढ्यांपूर्वी इंग्लंडात किंवा अमेरिकेत एखाद्या मुलीबद्दल कुणी असं म्हटलं की तिच्या आईला तोंड दाखवायची चोरी व्हायची. नुसत्या शब्दापुरतं ते नव्हतं. फ्लोरिडात लग्नाशिवाय स्त्री-पुरुषांनी एकत्र राहणं हा १८६८च्या कायद्यानं गुन्हा होता. तो कायदा रद्द झाला २०१६ मध्ये. मिशिगननं आपला कायदा काढला २०२३ मध्ये. वर्षानुवर्षं त्याखाली कुणाला पकडत नव्हते हे खरं, पण पुस्तकात होता. आज तिशीतलं जोडपं स्वतःबद्दल “ओ, वी आर स्टिल लिव्हिंग इन सिन” असं म्हणतं ते डोळे मिचकावून. तेच तुम्ही त्यांच्याबद्दल म्हणालात तर गंमत होत नाही. ताई, तुमची भाची म्हणू शकते, तो मुलगा म्हणू शकतो, तुम्ही नाही. तुमच्या तोंडून, त्यातून परदेशातून, त्यातून मावशीकडून आलेला हा शब्द ऐकणारा अक्षरशः घेईल.

याचंच भावंड म्हणजे “व्हेन इज ही गोइंग टू मेक ॲन ऑनेस्ट वुमन ऑफ यू?” म्हणजे तो तुझ्याशी लग्न कधी करणार? जणू लग्नाआधी ती बाई अप्रामाणिक होती! इंग्रज मावश्या-काक्या हे अजून लग्नसमारंभात म्हणतात, आणि मुली अजून हसण्यावारी नेतात. काही नेत नाहीत. “सो, एनी न्यूज?” हा त्याचा सभ्य अवतार. आपल्याकडच्या “मग, काय विशेष?” चा तो अगदी सख्खा भाऊ आहे.

‘शॅक्ड अप’ मात्र वेगळ्या घराण्यातला. शॅक म्हणजे खोपटं. ‘शॅक अप विथ समवन’ म्हणजे कुणाबरोबर तरी खोपटं थाटणं. हा अमेरिकी शब्द. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या तोंडी बराच खेळला आणि सैनिकांची चव त्याला कायमची लागली. त्यात घाई आहे, तात्पुरतेपणा आहे, आणि बहुतेक वेळा बोलणाऱ्याची नापसंती आहे. “ही इज शॅक्ड अप विथ सम गर्ल फ्रॉम वर्क” हे वाक्य ऐकलं की बोलणाऱ्याचा चेहरासुद्धा दिसतो: ओठ जरा मुरडलेले. मराठीत “हापिसातल्या कुठल्यातरी पोरीबरोबर राहतोय म्हणे” यात जे ‘कुठल्यातरी’ आणि ‘म्हणे’ आहे, ते सगळं त्या एका शॅकमध्ये मावलेलं आहे. एकेकदा तरुण लोक स्वतःबद्दलही म्हणतात, ‘वी शॅक्ड अप आफ्टर थ्री मंथ्स’, पण ती चेष्टा. शिकणाऱ्यानं यापासून लांब राहावं. माझ्या वर्गातल्या एका मुलानं एकदा मॉक इंटरव्ह्यूमध्ये घरच्या माहितीत मोठ्या आत्मविश्वासानं “माय सिस्टर इज शॅक्ड अप इन टोरांटो” असं सांगितलं. त्याला वाटलं शॅक्ड अप म्हणजे सेटल्ड. बहीण तिथे सासू-सासऱ्यांसकट नांदत होती.

‘प्लेइंग हाउस’ हा शब्द मला त्यातल्या त्यात आवडतो, कारण त्याला मराठीत बरोब्बर जोडीचा शब्द आहे: भातुकली. “दे आर जस्ट प्लेइंग हाउस”, म्हणजे भातुकली चाललीय त्यांची. दुखरा शब्द आहे, कारण त्यात या दोघांचा संसार खोटा आहे असं गृहीत धरलेलं आहे. त्याहून वाईट ती गायीची म्हण. अमेरिकी आया मुलींना ऐकवत आल्या आहेत: दूध फुकट मिळत असेल तर गाय कोण विकत घेईल? मी ही वर्गात फक्त ओळखण्यापुरती शिकवते. एका विद्यार्थिनीनं हात वर करून विचारलं होतं, “मॅडम, यात गाय कोण?” उत्तर द्यायची गरज पडली नाही.

आता आपल्या घरच्या शब्दाकडे येते, कारण ताईंच्या पत्रात तोच सगळीकडे आहे. ‘लिव्ह-इन’. “ती लिव्ह-इनमध्ये आहे.” “त्यांचं लिव्ह-इन आहे.” वर्तमानपत्रं हाच शब्द छापतात, त्यामुळे आपल्याला वाटतं की इंग्लंडात, अमेरिकेत सगळे असंच म्हणत असणार. तसं नाही. ‘लिव्ह-इन रिलेशनशिप’ हा भारतीय इंग्रजीचा शब्द आहे. लीड्समध्ये म्हणालात तर समजेल, पण कानाला परदेशी लागेल. तिकडे ‘लिव्ह-इन’ हे विशेषण आहे आणि ते बहुधा कामाच्या माणसांना लागतं: लिव्ह-इन नॅनी, लिव्ह-इन केअरर, म्हणजे मालकाच्या घरात राहून काम करणारी बाई. ‘लिव्ह-इन बॉयफ्रेंड’ असंही म्हणतात आणि ते चालतं, कारण पुढे बॉयफ्रेंड आहे. पण “माय नीस इज अ लिव्ह-इन” असं म्हणालात तर ऐकणाऱ्याला वाटेल की भाची कुणाच्या तरी घरी चोवीस तासांची मोलकरीण आहे.

म्हणून हा शब्द चुकीचा असं मी म्हणणार नाही. आपला आहे, आपल्या देशात वापरावा. २००५च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात तो नव्हता. तिथे ‘विवाहाच्या स्वरूपाचं नातं’ अशा अर्थाची जड इंग्रजी शब्दयोजना होती, आणि तिचा अर्थ लावण्यात न्यायालयांची बरीच शाई गेली. २०२४ मध्ये उत्तराखंडनं समान नागरी कायदा केला, तो २०२५च्या जानेवारीत लागू झाला, आणि त्यात मात्र ‘लिव्ह-इन रिलेशनशिप’ हा शब्द व्याख्येसकट आहे. एकत्र राहणाऱ्यांनी नोंदणी करायची, नाही केली तर शिक्षा. नोंदणी करायला लावण्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, पण भाषेचा धंदा करणारी म्हणून एवढं नक्की दिसतं की कॉलेजच्या कट्ट्यावरचा शब्द कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसला.

गंमत अशी की, स्कॉटलंडच्या ईशान्येला, ॲबर्डीनच्या बाजूला, अगदी हाच शब्द वेगळ्या कपड्यात सापडतो. ‘बायडी-इन’. तिकडच्या बोलीत ‘बाइड’ म्हणजे राहणं. बायडी-इन म्हणजे घरात राहणारा किंवा राहणारी, लग्नाशिवाय. “दॅट्स हिज बायडी-इन.” शब्दाची बांधणी आपल्या ‘लिव्ह-इन’सारखीच, आणि तिकडे तो नाम म्हणून बिनधास्त चालतो. त्यामुळे भाचीची बदली कधी ॲबर्डीनला झाली तर तिचा भारतीय शब्द तिथे जवळजवळ घरचा ठरेल.

आपल्या इंग्रजीतला खरा खड्डा ‘लिव्ह-इन’ नव्हे, ‘स्टे’ आहे. आपण “व्हेअर डू यू स्टे?” विचारतो, “आय स्टे इन कोथरूड” म्हणतो. स्कॉटलंडात असंच म्हणतात, तिथे अडचण नाही. पण इंग्लंडात स्टे म्हणजे चार दिवस मुक्काम, आणि ‘स्टे टुगेदर’ म्हणजे न तुटणं, काडीमोड न घेणं. माझा एक विद्यार्थी बर्मिंगहॅमला गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात मैत्रिणीबरोबर एका घरात राहायला लागला. आनंदानं त्यानं ऑफिसात सांगितलं, “वी हॅव डिसायडेड टू स्टे टुगेदर.” शेजारच्या बाईनं चहाचा कप खाली ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, “ओ लव्ह, वॉज इट दॅट बॅड?” तिला वाटलं, यांचं भांडण विकोपाला गेलं होतं आणि आता कसंबसं जमलंय. दोन मिनिटं ती त्याचं सांत्वन करत होती आणि तो थँक यू म्हणत होता.

दुसरा खड्डा ‘रिलेशन’. मराठीत “ते रिलेशनमध्ये आहेत” हे रुळलं आहे. इंग्रजीत ‘रिलेशन’ म्हणजे नातेवाईक, आणि अनेकवचनात ‘हॅविंग रिलेशन्स’ म्हटलं की थेट शरीरसंबंध. ‘शिप’ विसरू नका, एवढंच.

आणि तिसरा शब्द खड्डा नव्हे, विहीर आहे. ‘कीप’. “शी इज हिज कीप.” हे नाम या अर्थानं इंग्लंडात चालत नाही, तिथे जुन्या काळी ‘केप्ट वुमन’ म्हणत. ‘कीप’ हा आपल्या ‘ठेवलेली’चा, ‘रखेल’चा सरळ तर्जुमा आहे, भारतात बनलेला. ऑक्टोबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात, वेलुसामी विरुद्ध पच्चैअम्मल, हा शब्द आला. कोणत्या एकत्र राहण्याला कायद्याचं संरक्षण मिळेल आणि कोणत्याला नाही, हे सांगताना न्यायमूर्ती काटजूंनी तो लिहिला. तेव्हाच्या अतिरिक्त सॉलिसिटर जनरल इंदिरा जयसिंग यांनी न्यायालयातच त्यावर हरकत घेतली की, एकविसाव्या शतकात सर्वोच्च न्यायालय एखाद्या स्त्रीला हा शब्द कसं वापरू शकतं. माझं मत विचाराल तर त्यांचं बरोबर होतं. त्याच निकालात ‘पॅलिमनी’ हा अमेरिकी शब्दही आहे. पॅल म्हणजे दोस्त, ॲलिमनी म्हणजे पोटगी. नट ली मार्विन आणि त्याच्याबरोबर लग्नाशिवाय राहिलेली मिशेल ट्रायोला यांच्या खटल्यातून तो जन्माला आला. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं अशा जोडीदारांमधला करार मान्य होऊ शकतो असं ठरवलं. शब्द जगभर गेला. स्वतः मिशेलबाईंच्या हाती अपिलानंतर काही पडलं नाही.

मराठीतही नामांची हीच कथा आहे, बघा. रखेल, ठेवलेली, अंगवस्त्र, नाटकशाळा. अंगवस्त्र हा केवढा नाजूक शब्द आणि आत केवढी क्रूरता! एवढी सगळी नामं बाईला. त्या पुरुषाला नाम नाही. गावाकडे “तिनं दुसरा घरोबा केला” म्हणतात, ते त्यातल्या त्यात माणसासारखं आहे, कारण त्यात ‘केला’ आहे, ती काहीतरी करते आहे.

‘पार्टनर’ या शब्दाकडे सगळे शेवटी येतात, आणि तो बरा शब्द आहे. आज इंग्लंडात बँकेत, दवाखान्यात, शाळेच्या फॉर्मवर तोच असतो. त्यातून लग्न झालंय की नाही, समोरचा पुरुष आहे की स्त्री, काहीच कळत नाही, आणि म्हणूनच तो लोकांना सोयीचा वाटतो. पण मराठीत आणताना जपून. मी धंद्यात नवी होते तेव्हाची माझीच चूक सांगते. इंग्लंडात वारलेल्या एका मराठी माणसाबद्दल तिथल्या वकिलाचं पत्र भाषांतराला आलं. त्यात ‘हिज पार्टनर ऑफ इलेव्हन इयर्स’ असं होतं. मी लिहिलं, ‘त्यांच्या अकरा वर्षांच्या भागीदार’. एक तर त्या बाई अकरा वर्षांच्या झाल्या! आणि दुसरं म्हणजे गावाकडचे भाऊ ते पत्र घेऊन वकिलाकडे गेले की आमच्या दादाचा कुठला धंदा होता, त्यात भांडवल किती. कचेरीतल्या साहेबांनी तर भागीदारीपत्राची प्रत मागितली. मी दुसरं भाषांतर स्वखर्चानं करून दिलं: ‘अकरा वर्षं त्यांच्यासोबत राहत असलेल्या त्यांच्या जोडीदार’. लांबलं, पण कुणी भांडवल विचारलं नाही. तेव्हापासून भागीदार दुकानात, जोडीदार घरात, हा माझा नियम.

बोलण्यात इंग्रज माणूस ‘पार्टनर’पेक्षा ‘माय अदर हाफ’ जास्त सहज म्हणतो. माझा दुसरा अर्धा भाग. लग्नाचा त्यात उल्लेख नाही. ‘द मिसस’, ‘माय फेला’ हेही लग्न न झालेल्यांबद्दल चालतं. आपल्या ‘आमचे हे’, ‘आमची ही’ सारखं. ‘हे’ म्हणजे नवराच, असं व्याकरणात कुठे लिहिलंय? अमेरिकेत ‘सिग्निफिकंट अदर’ म्हणतात. मानसशास्त्राच्या पुस्तकातून आलेला शब्द आहे आणि तसाच वास येतो. ‘रूममेट’ आणि ‘फ्लॅटमेट’ मात्र जोडीदाराला म्हणू नका. अमेरिकेत रूममेट म्हणजे खोली एक असेलच असं नाही, नुसतं भाडं वाटून घेणारा. अर्थात घरी फोनवर अनेक मुली त्यालाच रूममेट म्हणतात, आणि आईला ते कळत नसतं असं त्यांना वाटतं.

कागदोपत्रीचे शब्द पटकन सांगते, कारण ते बोलीत घुसतात. ऑस्ट्रेलियात ‘डी फॅक्टो’. लॅटिन शब्द, पण सिडनी-मेलबर्नचा रिक्षावाला म्हणा, टॅक्सीवाला म्हणा, सहज “मी ॲण्ड माय डी फॅक्टो” म्हणतो. तिथल्या जोडीदार व्हिसासाठी साधारण बारा महिने एकत्र राहिल्याचा पुरावा लागतो. कॅनडात ‘कॉमन-लॉ पार्टनर’, तिथेही सलग बारा महिने, आणि तो खरा कायदेशीर शब्द आहे. हाच ‘कॉमन-लॉ वाइफ’ इंग्लंडात ऐकलात तर सावध व्हा. तिथे असं काही नसतं. बरीच वर्षं एकत्र राहिलं की आपोआप नवरा-बायकोचे हक्क मिळतात अशी लोकांची समजूत आहे. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या एका पाहणीत इंग्लंड-वेल्समधल्या ४६ टक्के लोकांनी ती खरी मानली होती. ती खोटी आहे. मृत्युपत्र न करता एक जण गेला तर दुसऱ्याला वारसा आपोआप मिळत नाही, कोर्टात जाऊन मागावा लागतो. ताई, भाचीला शब्दांपेक्षा हे सांगा.

अमेरिकेच्या जनगणना खात्यानंही एकदा शब्द काढून पाहिला. लग्न न करता एका घरात राहणाऱ्या स्त्री-पुरुषांना मोजायचं होतं, तर १९७०च्या दशकाच्या शेवटी त्यांनी एका लांबलचक व्याख्येच्या आद्याक्षरांवरून ‘पॉसल्क्यू’ बनवला. सीबीएसवरच्या एका निवेदकानं त्यावर प्रेमाची कविता केली, देश काही दिवस हसला, आणि शब्द मेला. स्वीडननं मात्र जमवलं. ‘सांबो’, सोबत राहणारा. आपल्या ‘सहवास’सारखी सरळ बांधणी, अपमान नाही, थट्टा नाही, कायदासुद्धा त्याच नावाचा. फक्त तो शब्द इंग्रजी बोलताना तोंडातून काढू नका, इंग्रजीत त्याच उच्चाराची कृष्णवर्णीयांना दिलेली एक घाणेरडी शिवी आहे.

म्हणून क्रियापद. “शी लिव्ह्ज विथ हर बॉयफ्रेंड.” “दे लिव्ह टुगेदर.” नुकतंच असेल तर “दे हॅव मूव्हड इन टुगेदर.” यात पाप नाही, खोपटं नाही, झाडू नाही, कागद नाही. न्यूझीलंडपासून न्यू जर्सीपर्यंत कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. व्हिसाच्या पत्रातही मी आधी हेच वाक्य लिहिते, तारखेसकट, आणि मग त्या त्या देशाच्या अर्जात जो शब्द असेल तो जसाच्या तसा उचलते. मराठीत विचाराल तर “ते दोघं एकत्र राहतात”. वाक्य इथे संपवायचं. पुढे ‘लग्न न करता’ जोडायची आपल्याला सवय आहे, ती लोकांनी विचारल्यावर जोडा.

आजींना काय उत्तर द्यायचं, हेही भाचीनं विचारलंय असं तुम्ही लिहिता. हसून “वी आर, ॲण्ड ही डझ द स्वीपिंग” असं म्हणू दे. झाडू त्याच्या हातात गेला की आजी खूश होतील, आणि तो मुलगा पुन्हा लाल होईल.

राहिली पत्रिका. ‘मिस्टर ॲण्ड मिसेस’ नको, ते खोटं होईल. नुसतं भाचीचं नाव आणि पुढे ‘ॲण्ड गेस्ट’ किंवा ‘ॲण्ड पार्टनर’ असंही नको. एका घरात राहणाऱ्या माणसाला निनावी पाहुणा करणं त्यांच्याकडे उणं समजतात, आणि आपल्याकडेही समजायला हरकत नाही. दोघांची पूर्ण नावं लिहा, एकाखाली एक, भाचीचं वर, कारण नातं तिच्याकडून आहे. खाली एकच पत्ता. मराठी पत्रिका पाठवलीत तरी हेच. ‘सहकुटुंब सहपरिवार’ आधीच छापलेलं असतं, त्यात तो बसतो. फक्त त्याच्या आडनावाचं स्पेलिंग भाचीला आधी विचारून घ्या. यॉर्कशरची आडनावं उच्चारावरून लिहायला गेलात तर चुकतात.